चष्मेवाले, आत्या आणि बिनआरशाचा कॅमेरा

रस्त्याच्या वळणावर, औषधांच्या दुकानाला लागून एक चष्म्याचं दुकान आहे. दुकानावर चांगली ठसठशीत पाटी आहे, पण तिच्यावर काय लिहिलंय ते कोणालाच सांगता यायचं नाही. ज्यांना पाटी वाचता येत नाही तेच लोक तिथे येतात, त्याला पाटी तरी काय करणार! दुकानाच्या मालकांना सगळे नुसतं 'चष्मेवाले' म्हणतात. त्यांच्या सासूबाईसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे चष्मेवाले आलेत" असंच म्हणत, आणि शेजारीण लगेच आपला चष्मा घेऊन हजर होत असे.

माणूस मोठा लाघवी. दोष एकच, काचेवर ठसा उमटलेला त्यांना बघवत नाही. आपण त्यांना काही महत्त्वाचं सांगत असतो, घरातलं आजारपण किंवा मुलीचं लग्न ठरल्याचं. चष्मेवाले मान डोलावत असतात, आणि आपल्याला वाटतं, किती आत्मीयतेनं ऐकतायत! तेवढ्यात ते "एक मिनिट हं" म्हणून आपल्या नाकावरचा चष्मा उचलतात, खिशातल्या मऊ फडक्यानं पुसतात आणि परत ठेवतात. आपलं उरलेलं वाक्य आपण अंधुक जगात पूर्ण करतो. चरा तर त्यांच्या दृष्टीने दुखण्याइतकाच वाईट. गिऱ्हाईक काचेवर चरा घेऊन आलं की ते "कधीपासून आहे हे?" असं अशा आवाजात विचारतात की समोरच्याला धाप लागते.

आणि एका गोष्टीचं त्यांना रोज नव्यानं हसू येतं. चाळिशी लागलेलं गिऱ्हाईक दुकानात येतं, पण चाळिशी लागली हे काही केल्या कबूल करत नाही. "डोळे चांगले आहेत हो माझे," ते म्हणतं, "हे पेपरवालेच हल्ली अक्षरं बारीक छापतात." रात्री जेवताना चष्मेवाले बायकोला सांगत, "आज आणखी एक आला. म्हणे, औषधाच्या बाटलीवर मुद्दाम बारीक लिहितात!" आणि घास बाजूला ठेवून हसत. बायकोला लांबचं दिसत नाही, यांना जवळचं दिसत नाही. त्यामुळे संसार मधल्या अंतरावर उत्तम चालला होता.

मग घरात कॅमेरा आला.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला काहीतरी छंद हवा, असं बायकोच एकदा बोलून गेली होती. तिच्या मनात बागकाम होतं. चष्मेवाल्यांनी वर्षभर माहिती काढली आणि एका संध्याकाळी एक छोटासा मिररलेस कॅमेरा घेऊन घरी आले. तळहातावर ठेवून त्यांनी तो बायकोला दाखवला.

"मिररलेस म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यात आरसा नसतो. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा. ह्यात तो काढून टाकलाय."

"एक वस्तू कमी आणि किंमत जास्त?"

"अगं, म्हणून तर तो एवढा लहान आहे! कोटाच्या खिशात मावतो."

"तुमच्याकडे कोट कुठाय?" बायको म्हणाली.

कोट नव्हताच. पण ही अडचण फार दिवस टिकली नाही, कारण लवकरच कॅमेरा खिशात मावण्याचा प्रश्नच उरला नाही. आधी त्याला एक बॅग आली. बॅगेत रिकामे कप्पे दिसायला लागले, म्हणून एक लांबचं ओढणारी लेन्स आली. ती आल्यावर जवळच्यानं काय पाप केलंय असं वाटून एक जवळची आली. मग तिन्ही लेन्सच्या तोंडांना साजेसे फिल्टर, उन्हाची झापडं, जादा बॅटऱ्या, धूळ उडवायचा रबरी फुगा, एक ब्रश, आणि हे सगळं ज्यात मावेल अशी दुसरी बॅग. पहिली बॅग दुसऱ्या बॅगेत ठेवलेली असे. बायकोच्या कपाटातला मधला खण आधी अर्धा गेला, मग पुरता गेला. "तुमचा लहान कॅमेरा कुठे ठेवलाय?" असं कोणी विचारलं की ती कपाटाकडे बोट दाखवून म्हणायची, "तो नं? तो त्या खोलीत राहतो."

पण खरं सांगायचं तर चष्मेवाले सुखात होते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून ते सगळा परिवार मांडून बसत. एक लेन्स काढायची, दुसरी लावायची, आणि ती जागेवर बसताना जो 'टक्' असा बारीक आवाज होतो तो कान देऊन ऐकायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या काचा पुसणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या मालकीच्या काचा मिळाल्या होत्या. नळाचे, खिडकीच्या गजांचे, शेजाऱ्याच्या सायकलच्या घंटीचे इतके फोटो निघाले की घरच्या कॉम्प्युटरनं हात टेकले. बायको वैतागली. "माझ्या आईचे फोटो ठेवायला ह्यात जागा नाही आणि नळाचे नऊशे!" तेव्हापासून चष्मेवाल्यांनी स्वतःला शिस्त लावून घेतली. वाईट फोटो घरी आणायचाच नाही. जागच्या जागी बघायचा आणि जागच्या जागी पुसून टाकायचा.

बघायचा तोही कॅमेऱ्याला डोळा लावून, त्या छोट्या खिडकीतून. व्ह्यूफाइंडर म्हणतात तिला. कॅमेऱ्याच्या पाठीवर चांगला हाताएवढा पडदा होता, पण तो वळवून, तोंड आत करून कायमचा मिटलेला. "काच उघडी टाकली की चरे पडतात," चष्मेवाले सांगायचे. हा त्यांच्या धंद्याचा अनुभव होता. त्यांनी तो पडदा इतका जपला की घेतल्यापासून त्यावर कोणी काही पाहिलंच नव्हतं. चष्मासुद्धा ते कपाळावर सरकवूनच व्ह्यूफाइंडरला डोळा लावत, म्हणजे चष्म्याच्या काचेलाही ओरखडा नको.

आता आत्या.

चष्मेवाल्यांना त्यांच्या आत्यानं वाढवलं. आई लवकर गेली, वडील बोटीवर. आत्यानं स्वतःच्या मुलीबरोबर यालाही मोठं केलं, शिवणकाम करून. रस्त्याकडेच्या एका खोलीत, खिडकीखाली तिचं पायाचं मशीन. त्या मशीनवर तिनं अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले, शाळांचे गणवेश शिवले, बँडवाल्यांचे सोनेरी पट्ट्यांचे डगले शिवले. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे तिचा राग नेहमी दातांमधून बाहेर पडे. खूश असली की भाच्याला 'सोन्या' म्हणे, नसली की 'ठोंब्या'. सोन्या तसा क्वचितच ऐकू यायचा.

या आत्याचा एक धड फोटो नव्हता. नातेवाइकांच्या सगळ्या फोटोंत ती होती आणि कुठेच नव्हती. एकात ती कोणाचं तरी मूल धरून उभी, मूल छान आलंय, आत्याचा खांदा आलाय. एकात ती शेवटच्या क्षणी कोणाची तरी कॉलर सारखी करायला वाकलेली. एकात सगळे हसतायत आणि टोकाला नुसता तिचा कोपर. "मी म्हणजे तुमच्या फोटोची शिवण," ती म्हणायची. "आतल्या बाजूला असते."

आणि आता आत्या जाणार होती. गुडघे चालेनात, खोलीला जिना. आतेबहिणीनं तिला आपल्या घरी न्यायचं ठरवलं, आगगाडीनं दिवसभराच्या अंतरावर. महिनाअखेरीला खोली सोडायची, मशीन विकायचं. चष्मेवाल्यांना रात्री झोप लागेना. मशीनवर बसलेली, डाव्या बाजूनं खिडकीचा उजेड, हाताखाली कापड, तोंडात टाचण्या, अशी आत्या त्यांना हवी होती. एकच फोटो. पण असा की तिच्या खांद्यावर नाही, कोपरावर नाही, तिच्या तोंडावर नजर गेली पाहिजे. महिना संपला की तो फोटो जगातली कोणतीही लेन्स काढू शकणार नव्हती.

अशा फोटोसाठी साधी लेन्स कशी चालेल? चष्मेवाले कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. तिथला कॅमेरेवाला हा मोठा गोड माणूस. त्यानं आजवर कोणाला 'नको' म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यानं खास माणसांचे चेहरे टिपणारी एक जुनी, वापरलेली, पितळी कड्याची लेन्स काढून दिली आणि वर म्हणाला, "खिडकीसमोर काढणार ना? मग डोळ्यावर तिरीप येईल. हे मोठं रबर बसवा." व्ह्यूफाइंडरभोवती बसायचं, वाटीएवढं काळं रबर. चष्मेवाल्यांनी ते घरी आणून बसवलं. घट्ट होतं, जरा दाबून, पिरगाळून बसवावं लागलं, पण बसलं झकास. "आणि ते आकडे, चौकटी, खुणा दिसतात ना आत, त्या सगळ्या बंद करून टाका," कॅमेरेवाल्यानं सांगितलं होतं. "चित्र कसं निर्मळ दिसलं पाहिजे." त्याही बंद केल्या.

पहिल्या रविवारी आत्या सकाळपासून मशीनवर तयार होऊन बसली होती. बायकोही बरोबर आली होती. चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळा लावला आणि तसाच मागे घेऊन चोळला. आत्या पाण्यातून बघितल्यासारखी दिसत होती. पितळी कडं या बाजूला फिरवलं, त्या बाजूला फिरवलं. पाणी थोडं गढूळ झालं, थोडं निवळलं, पण हटेना. शेवटी फोकस कॅमेऱ्यावरच सोपवला, तरी तेच.

"काढतोयस का?" आत्या टाचण्यांतून म्हणाली.

"जरा हलू नकोस."

"मी मशीन चालवतेय. हलू नको तर काय करू?"

काढले फोटो. लगेच तिथेच बघितले. सगळे गिचमिड. दात-ओठ खाऊन सगळे पुसले. पुसताना आत 'पुसायचं का? हो, नाही' अशी जी अक्षरं येतात तीही धड वाचता येईनात. "काय बारीक अक्षरं करून ठेवलीयेत ह्या कंपनीवाल्यांनी!" ते करवादले.

बायकोनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. नवऱ्याचा छंद चालू असताना न बोलण्याचं तिला आता वळण पडलं होतं.

कॅमेरेवाल्यानं लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघितली. "लेन्स ठणठणीत आहे, साहेब. तुमचा हात हलतोय." म्हणून तिकाटणं घेतलं. दुसऱ्या रविवारी तिकाटण्याचे तीन पाय आत्याच्या खोलीत असे पसरले की दरवाजा उघडेना. कॅमेरा हलायचं नाव नाही, तरी आत्या पाण्यातच. मग कॅमेऱ्याबरोबर आलेली पहिली लेन्स लावून बघितली. तीही तशीच! आता मात्र चष्मेवाल्यांचा धीर सुटला. म्हणजे कॅमेराच बिघडला!

"मी बघू?" बायको म्हणाली.

"चष्मा काढून बघ. रबरावर काच घासेल."

बायकोनं चष्मा काढला आणि डोळा लावला. "अय्या, किती छान दिसतायत आत्या! टाचणीसुद्धा दिसतेय."

"काहीतरीच."

"खरंच सांगते. सुईत दोरा कुठल्या रंगाचा आहे तेही दिसतंय."

"अगं, चष्म्याशिवाय तुला समोरचं कपाट दिसत नाही, आणि दोरा दिसतोय? चल हो बाजूला."

दिवसाला पंधरा-वीस माणसांना काचा बदलून बदलून "कसं दिसतंय?" विचारणारा हा गृहस्थ. बायकोला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतंय, आपल्याला दिसत नाही, एवढं कोणी गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं असतं तर दोन मिनिटांत त्याचं निदान करून मोकळा झाला असता. पण आपल्या घरातलं माणूस हे गिऱ्हाईक नसतं. तिचं ऐकायचं नसतं, असा एक अलिखित नियम आहे.

"अहो, नाहीतर मी मोबाइलवर एक काढून ठेवते," बायको पर्स उघडत म्हणाली.

"मोबाइल?" चष्मेवाल्यांनी रस्ता अडवणाऱ्या पोलिसासारखा हात आडवा घातला. "मोबाइलचा फोटो म्हणजे... ठेव तो आत. माझ्या आत्याचा फोटो मोबाइलवर निघणार नाही."

"काय रे," आत्या मशीन थांबवून म्हणाली, "माझं तोंड एवढं का अवघड आहे? पासपोर्टवाल्यानं तर एका झटक्यात काढला होता."

"आत्या, तुझ्यात काही दोष नाही."

"मग ह्या दोन्ही रविवारी मी काय तुझ्या यंत्राला वारा घालत बसले? गल्लीतल्या बाईसाहेबांचा ब्लाऊज शिवायचा राहिलाय माझा. शेवटचं काम आहे. ठोंब्या कुठला!"

तिसऱ्या रविवारी नवा दिवा होता, दिव्याला छत्री होती. आत्या छत्रीखाली घामाघूम झाली. चष्मेवाल्यांनी फोटो काढायचे, खिडकीत डोळा घालायचा, 'छ्या!' म्हणायचं आणि पुसायचं. काढायचे, छ्या, पुसायचं. फोकस बसल्याचा हिरवा ठिपका तेवढा आत लागत होता, कॅमेरा 'सापडलं, सापडलं' म्हणून बारीक शीळ घालत होता. पण जे डोळ्याला दिसत नाही ते त्या शिळेवर कसं मानायचं? शेवटी आत्या उठली. ब्लाऊजची घडी घातली, टाचण्या डबीत टाकल्या, मशीनवर झाकण टाकलं. म्हणाली, "पुरे. माझं काम संपलं, तुझं कधी संपेल ते तू बघ."

पुढच्या आठवड्यात मशीन दोन माणसांनी जिन्यावरून खाली नेलं. आत्या गाडीत बसली. चष्मेवाले खिडकीशी उभे होते, गळ्यात कॅमेरा, पण हात लावायची इच्छा नव्हती. "जाऊ दे रे," आत्या म्हणाली. "मला कधी कोणी नीट काढलं नाहीच. तू तरी खटपट केलीस." आणि गाडी सुटली. हे तिनं ठोंब्या म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तसं म्हटलं नाही, आणि तेच चष्मेवाल्यांना दिवसभर टोचत राहिलं.

दुःखाचा राग व्हायला फार वेळ लागत नाही. चष्मेवाल्यांनी ठरवलं, आता कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा, आणि पुराव्यानिशी. दुकानातला डोळे तपासायचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी, तो त्यांनी भिंतीवर सरळ टांगला. दुकान बंद झालं की तिकाटणं लावायचं आणि तक्त्याचे फोटो. ही लेन्स, ती लेन्स, हा फिल्टर, तो फिल्टर, दिवा लावून, दिवा मालवून. आठवडाभर हेच. हे मात्र पुसायचे नव्हते, पुरावा होता. कॅमेऱ्यातलं कार्ड तक्त्यांनी काठोकाठ भरलं.

शनिवारी ते कार्ड कॉम्प्युटरला लावून बसले. पहिला तक्ता पडद्यावर उघडला.

चष्मेवाल्यांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, पुसून परत लावून बघितलं. पहिली ओळ स्वच्छ. दुसरी स्वच्छ. त्यांनी मोठं करून बघितलं. अगदी तळाची, जी त्यांच्या दुकानात तरुण पोरं सोडून कोणी वाचत नाही, ती ओळ अशी कोरून काढल्यासारखी दिसत होती की तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचता येत होतं. दुसरा फोटो तसाच. तिसरा तसाच. एकही बिघडलेला नव्हता.

मागे उभ्या असलेल्या बायकोनं तळाची ओळ सावकाश वाचून दाखवली. कोणी सांगितलं नव्हतं, पण वाचली.

चष्मेवाल्यांनी कॅमेरा जवळ ओढला. ते मोठं काळं रबर ओढून काढलं. त्याच्याखाली, खिडकीच्या बाजूला, एक दातेरी बारीक चाक होतं. ते त्यांना चांगलं माहीत होतं. कॅमेरा घेतला त्याच दिवशी कॅमेरेवाल्यानं ते त्यांच्या डोळ्याला जुळवून दिलं होतं, "हा खिडकीचा चष्म्याचा नंबर" म्हणून. चष्मेवाले तेव्हा कौतुकानं म्हणाले होते, "वा! म्हणजे कॅमेराही आमच्याच धंद्यातला!" रबर पिरगाळून बसवताना ते चाक पार टोकाला गेलं होतं. नंबर बदलला होता, फक्त त्यांच्या डोळ्याचा. कॅमेऱ्याला अगदी व्यवस्थित दिसत होतं. बायकोच्या उघड्या डोळ्यालाही, कारण चाक नेमकं तिच्या नंबरावर जाऊन बसलं होतं.

म्हणजे आत्याचे ते सगळे फोटो... पहिला रविवार, दुसरा रविवार, छत्रीखालचा घाम, टाचण्या, दोऱ्याचा रंग... सगळे स्वच्छ निघाले होते. आणि एकेक करून, डोळा लावून, त्यांनी स्वतः पुसले होते.

"पेपरवाले," बायको हळूच म्हणाली, "हल्ली फारच बारीक छापतात, नाही?"

एरवी त्यांनी तिला हसून दाद दिली असती. आज ते नुसते कपाटाच्या मधल्या खणाकडे बघत बसले. बायकोनं मग त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, आणि तिचाही आवाज उतरला. "मी मोबाइलवर काढत होते," ती म्हणाली, "तुम्ही हात आडवा घातलात." हे मात्र तिला टोमणा म्हणून म्हणायचं नव्हतं. तिलाही आत्याचा तो फोटो हवा होता.

पुसलेले फोटो कधीकधी कार्डातून परत काढता येतात, असं कळल्यावर चष्मेवाले धावत एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं दोन दिवस कार्ड ठेवून घेतलं. परत देताना म्हणाला, "काका, पुसल्यावर वर दुसरं काही भरलं नसतं तर निघाले असते. पण तुम्ही तर त्याच्यावर एबीसीडी भरलीय. आत खोलवर गेलो तरी एबीसीडीच निघते." चष्मेवाल्यांनी पुराव्यानं पुरावा पुरला होता.

त्यानंतरच्या सुट्टीत ते आगगाडीत बसले आणि आतेबहिणीकडे गेले. बरोबर एक कॅमेरा, त्याला एक छोटी लेन्स, बस्स. तिकाटणं नाही, छत्री नाही, रबर तर नाहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा खिशात मावला, शर्टाच्या खिशात, जरा ताणून.

आत्या टीव्हीसमोरच्या मोठ्या खुर्चीत बसली होती. टीव्ही बंद होता. हात मांडीवर, तळवे वर करून ठेवलेले, कोणीतरी त्यात काम देईल म्हणून वाट बघत असल्यासारखे. तिला बघून चष्मेवाल्यांनी गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"आत्या, ते फोटो चांगले आले होते."

"कुठले?"

"सगळे. मशीनवरचे. मलाच धड दिसत नव्हतं. मीच पुसून टाकले."

आत्यानं हे नीट समजून घेतलं. दोनदा विचारलं. कोणतं चाक, कुठे असतं, कसं फिरलं, सगळं. तिला यंत्रांतलं कळतं. जन्म यंत्रावर गेलेला. आणि मग कळल्यावर ती जी भडकली!

"म्हणजे मी छान दिसत होते?"

"हो गं."

"आणि तुझी बायको सांगत होती, दिसतायत म्हणून?"

"हो."

"आणि तू तिला बाजूला हो म्हणालास! अरे, लोकांना चष्मे देतोस तू! लोक तुझ्या भरवशावर रस्ता ओलांडतात! मशीन बिघडल्यासारखं वाटलं तर आधी सुई बघावी, दोरा बघावा, बॉबिन बघावी. तू सरळ मशीन दोषी ठरवलंस, माझं तोंड दोषी ठरवलंस! मला वाटायला लागलं होतं, माझ्याच चेहऱ्यात काहीतरी फोटोला न मानवणारं आहे. इथे येऊन मी आरशात बघत बसायची, ठाऊक आहे तुला? ठोंब्या! अगदी ठोंब्या!"

ती पुढे वाकली होती. उजवा हात वर, तर्जनी थेट भाच्याच्या नाकावर, भुवया जुळलेल्या, दातांत टाचण्या नसतानाही ओठ तसेच एका बाजूला घट्ट. मघाशी मांडीवर पडलेले हात कुठल्या कुठे गेले होते. चष्मेवाल्यांच्या हातात कॅमेरा कधी आला त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी डोळा लावलाही नाही. छातीशी धरूनच बटण दाबलं.

"काय केलंस? आता काढलास? असा?" आत्या आणखी भडकली. "दाखव आधी."

चष्मेवाल्यांनी तो जपलेला, कधी न उघडलेला पडदा बाहेर काढला, तिच्याकडे वळवला. आत्यानं बघितलं.

"शी! ही बघ, कशी भांडतेय! एखाद्याला वाटेल, मी नेहमी अशीच असते."

चष्मेवाल्यांनीही पडद्यावर वाकून बघितलं. त्यांना जे पंचेचाळीस-पन्नास वर्षं ठाऊक होतं ते सगळं त्या चित्रात होतं. फक्त मागे खिडकी नव्हती, हाताखाली कापड नव्हतं, मशीन नव्हतं. ते कुठेच नव्हतं आता. कोणत्या तरी घरात कोणीतरी दुसरंच त्यावर टाके घालत असेल.

"पुसून टाक आधी," आत्या म्हणाली.

अंगठा सवयीनं त्या बटणावर गेला. इतक्या रविवारांची सवय होती त्याला. चष्मेवाल्यांनी अंगठा उचलला आणि पडदा परत मिटला.

"पुसलास?"

"हो," ते म्हणाले. लहानपणी ती गृहपाठ विचारायची तेव्हा म्हणत तसं.

"आता नीट काढ. थांब, मी केस सारखे करून येते."

ती आत जाऊन आली. नवा स्वेटर, केस चापून बसवलेले, खुर्चीत ताठ, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं, नजर भिंतीवर. पासपोर्टच्या साहेबासमोर बसावी तशी. चष्मेवाल्यांनी खिडकीत डोळा लावला. सगळं लख्ख दिसत होतं, स्वेटरचा टाका न् टाका. अगदी काटेकोर फोटो आला, आणि त्यात आत्या कुठेच नव्हती.

"आला?"

"आला."

"बघ! किती सोपं होतं. ह्याचा मोठा करून दे मला, सोन्या."

तो मोठा केलेला, काचेच्या चौकटीतला फोटो आता आतेबहिणीच्या बैठकीत लावला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, आजी छान दिसतायत," आणि आत्या म्हणते, "माझ्या भाच्यानं काढला. महागाचा कॅमेरा आहे त्याचा." चष्मेवाले तिथे गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

दुसरा फोटो त्यांच्या दुकानात आहे, आतल्या तपासणीच्या खोलीत, तक्त्याच्या बरोबर शेजारी. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि बघतं तर काय, एक म्हातारी बाई वाकून थेट त्याच्याकडे बोट रोखून बसलेली. खोटं वाचायची, अंदाजानं अक्षर ठोकून द्यायची कोणाची टाप नाही. परवा एक गृहस्थ तळाच्या ओळीवर अडखळले आणि घाम पुसत म्हणाले, "ह्या कोण?"

"माझी आत्या."

"रागावल्यात वाटतं कोणावर?"

"फोटो काढणाऱ्यावर," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी त्या गृहस्थांच्या डोळ्यापुढची काच बदलली.